शिकाऊ मुराळी

माझ्याकडे तीन अमेरिकन मोटारी आहेत. त्यातली एक चालते. कोणती, ते त्या त्या दिवसावर अवलंबून असतं.

तिन्ही एकाच जातीच्या, सत्तरीच्या दशकातल्या स्टेशन वॅगन. म्हणजे पुढून मोटार आणि मागून कपाट. अमेरिकेत हिची गणना छोट्यातल्या छोट्या गाड्यांत होते म्हणे. आमच्या गल्लीत ती वळवायची तर दोन मोटरसायकली, एक खाट आणि त्या खाटेवर झोपलेले शेजारचे तात्या एवढं सगळं आधी हलवावं लागतं. गाडीच्या दोन्ही अंगांना लाकडी फळ्या ठोकल्यासारखं दिसतं, पण ते लाकूड नाही, लाकडाच्या चित्राचा चिकटवलेला कागद आहे. माझं नंदुरबारला पाण्याच्या जळक्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान आहे. वनखात्यातले एक ओळखीचे गृहस्थ आपली विहिरीवरची मोटार घेऊन आले, तेव्हा त्यांनी वॅगनच्या दारावर टिचक्या मारल्या, 'साग नाही ना?' म्हणून दोनदा विचारलं आणि पूर्ण खात्री झाल्यावरच चहाचा कप हातात घेतला.

हे वेड लागलं कसं, ते सांगतो. आम्ही शाळेत असताना आमचे वडील रद्दीच्या दुकानातून गुळगुळीत कागदाची परदेशी मासिकं आणायचे आणि त्यांची आमच्या पुस्तकांना कव्हरं घालायचे. माझी धाकटी बहीण निमा, तिच्या भूगोलाच्या पुस्तकावर ही गाडी आली. हिरवळ, मागचं दार उघडलेलं, आत टोपली आणि हसणारी माणसं. निमा ते चित्र तासन् तास बघायची. (भूगोलात ती त्या वर्षी जेमतेम पास झाली, हे ओघाने आलंच.) एकदा ती मला म्हणाली, "भाऊ, मी सासरे गयू ना, मंग आखाजीले माले हाई गाडीमा लेवाले येजो."

मी म्हणालो, घ्यायला येईन. दहा वर्षांच्या मुलाला शब्द द्यायला काय लागतं!

आता आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण आमच्या खानदेशात तो लेकीबाळींचा सण. सासरी गेलेली प्रत्येक पोर त्या दिवशी माहेरी यायला हवी, झाडाला झोका हवा, गौराईची गाणी हवीत. आणि लेक अशी आपली आपण येत नाही. तिला आणायला माहेरचा माणूस जातो, तो मुराळी. निदान पूर्वी जायचा. निमा लग्न होऊन म्हसावदला गेली आणि सुरुवातीची चार-पाच वर्षं मी एसटीने मुराळी म्हणून गेलो. पुढे दुकान वाढलं, पोट वाढलं, आणि निमा एकटीच पिशवी घेऊन बसने यायला लागली. तिने कधी तक्रार केली नाही. ते जास्त लागायचं.

मग एक दिवस कळलं की, बारडोलीकडच्या एका गावात तीन भाऊ अमेरिकेहून कायमचे परत आले तेव्हा जहाजातून आपापल्या गाड्या घेऊन आले होते. थोरल्याने जी गाडी घेतली तीच मधल्याने घेतली, आणि दोघांनी घेतली म्हटल्यावर धाकटा थोडाच मागे राहतो? तीनही गाड्या एकाच गोठ्यात उभ्या होत्या. मी आत डोकावलो. भूगोलाचं पुस्तक तीन प्रतींत समोर उभं होतं!

आधी थोरल्याची घेतली. मग तिला सुटे भाग लागतील म्हणून मधल्याची घेतली. मग मधलीचे भाग काढून ती अगदीच ओकीबोकी दिसायला लागली, म्हणून तिच्यासाठी धाकट्याची घेतली. धाकट्या भावाने किल्ली देताना माझा हात दोन्ही हातांत धरला. "लई जाव भाई," तो म्हणाला, "पण पाछी लावता नहीं." इतक्या कळकळीने गाडी परत आणू नका असं मला कोणी सांगितलं नव्हतं.

आमच्या सौ., म्हणजे सुलभा, शाळेत शिक्षिका आहेत. घरात आम्ही सगळे अहिराणी बोलतो, तीही बोलते. पण सुलभा चिडली की थेट पाठ्यपुस्तकातल्या मराठीत जाते. तिसरी वॅगन अंगणात आली तेव्हा ती ओट्यावर उभी राहून म्हणाली, "मी आपल्याला शेवटचे सांगत आहे."

आपल्याला! मी खाली बसलो.

तिची अट सोपी होती. आखाजीला ह्या तीनपैकी कुठलीही एक गाडी घेऊन मी म्हसावदला जायचं आणि निमाला घेऊन यायचं. गाडी स्वतःच्या इंजिनावर अंगणात परत आली तर तिन्ही राहतील. ट्रॅक्टरच्या मागे दोरीने बांधून आली, तर दुसऱ्या दिवशी तिन्ही भंगारात. तिने भंगारवाल्याचा नंबर फ्रिजवर चिकटवला आणि त्याच्या वर गणपतीचं चुंबक लावलं, म्हणजे काम मंगल आहे हे कळावं.

मी पंधरा दिवस आणि पंधरा संध्याकाळी खपून तीन गाड्यांमधून एक गाडी तयार केली. दारं थोरलीची, इंजिन धाकटीचं, आणि मधलीने आपलं उरलंसुरलं सर्वस्व दिलं. एकच गोष्ट राहिली. स्टार्टरची मोटार जरा गुरगुरत होती. पण अर्ध्या तालुक्याच्या मोटारी मी दुरुस्त करतो, ही एवढीशी मोटार मला काय करणार, असं म्हणून मी ती तशीच ठेवली.

निघायच्या दिवशी वेणूफुई पुढे येऊन उभी राहिली. फुई म्हणजे वडिलांची बहीण. वय अठ्ठ्याहत्तर, वास्तव्य आमच्याकडे, आवाज पूर्ण गल्लीत.

"मी येस तुन्हासंगे," फुई म्हणाली. "बसमा मन्हा गुडघा मावतस नही."

फुई पुढच्या सीटवर ऐसपैस बसली. मांडीवर कापसाचा पुडा घेतला आणि गौराईसाठी वाती वळायला सुरुवात केली. आम्ही निघालो. आणि इथे मी एक गोष्ट विसरलो होतो, जी मला रोजच्या सवयीने दिसेनाशी झाली होती. अमेरिकन गाडीचं स्टिअरिंग डावीकडे असतं. म्हणजे मी डावीकडे होतो. फुई उजवीकडे होती, जिथे आपल्याकडे ड्रायव्हर बसतो.

कोळद्याच्या पुढे मोटरसायकलवरून दोन तरुण आम्हाला ओलांडायला आले. आमच्या बरोबरीला आल्यावर त्यांनी सहज आत पाहिलं. उन्हाचा तडाखा आणि जेवण अंगावर आलेलं, त्यामुळे फुईचे डोळे अर्धवट मिटले होते. दोन्ही हात वातीत गुंतलेले. वाऱ्याने तिचा पदर फडफडत होता आणि त्यामागे मी पार झाकला गेलो होतो.

"देख रे भो," मागचा ओरडला, "डोकरी गाडी चालाडी ऱ्हायनी! आन् हात सोडीसन!"

पुढच्याने मान वळवून पाहिलं आणि तशीच वळलेली ठेवली. त्यामुळे त्यांची मोटरसायकल पपईच्या शेतात गेली. लागलं कोणालाच नाही. मी आरशात पाहिलं तर दोघंही उभे राहून मोबाईल काढत होते. मग आणखी मोटरसायकली आल्या. मग एक रिक्षा आली आणि बराच वेळ बाजूने चालत राहिली. मला वाटलं, लोक गाडीचं कौतुक करतायत. माझी छाती फुगली, मी हॉर्न वाजवून सगळ्यांचे आभार मानले. हॉर्न वाजताना फुईचे दोन्ही हात वातींवरच होते, हे पाहून रिक्षावाल्याने आपल्या कानाला हात लावला.

प्रकाशा गावाजवळ तापीचा पूल ओलांडताच हवालदाराने हात केला. तो अर्थातच उजव्या खिडकीशी आला.

"आजी, लायसन?"

फुईने वात पूर्ण केली, कनवटीची पिशवी सोडली आणि आधार कार्ड दिलं. "हाई चाली का?"

"आजी, हे आधार आहे. गाडी चालवायचं लायसन दाखवा."

"ते त्याले इचार," फुईने माझ्याकडे अंगठा केला. हवालदाराने खाली वाकून माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या हातातल्या स्टिअरिंगकडे पाहिलं. मग परत फुईसमोरच्या मोकळ्या जागेकडे. त्याने टोपी काढून कपाळ पुसलं. माझे कागद सगळे नीट होते (मी वेडा आहे, बेकायदेशीर नाही), ते त्याने तपासले आणि आम्हाला जाऊ दिलं. पण तोवर भोवती पन्नास माणसं जमली होती आणि प्रत्येकाच्या हातात मोबाईल होता, आणि प्रत्येकाने फुईच्याच बाजूने शूटिंग केलं होतं.

आम्ही म्हसावदला पोचलो त्याच्या तासभर आधी ते शूटिंग म्हसावदला पोचलं होतं.

निमाच्या घरासमोर ही गर्दी! दारात निमाच्या सासूबाई, गोदामावशी. मुराळी आला की दारात पाण्याचा तांब्या घेऊन सामोरं यायची रीत आहे. गोदामावशींच्या हातात तांब्या नव्हता. मोबाईल होता. त्यांच्या मागे निमा उभी होती, नवं लुगडं नेसून, पिशवी भरून, आणि गाडीकडे बघत. तिच्या तोंडावरचं ते बघणं मला चाळीस वर्षांपूर्वीचं ओळखीचं होतं. पण ते डोळे भरून बघायला मला वेळ मिळाला नाही.

"आशी गाडीमा मी मन्ही सून बठू देवाव नही," गोदामावशी म्हणाल्या. "एक हातमा वात, दुसरा हातमा कापूस. मंग गाडी काय पायवर चालनी?"

"मावशी, गाडी मी चालाडी," मी म्हणालो. "अमेरिकानी गाडी शे. स्टेरिंग डावीकडे ऱ्हास."

मावशींनी मोबाईल माझ्या नाकासमोर धरला. त्यात फुई होती, पदर होता, वाती होत्या. मी कुठेच नव्हतो. "तू कोठे शे यामा?" त्यांनी विचारलं.

मावशी सरळ फुईकडे वळल्या. "खरं सांग वेणूबाई. गाडी तू लयनी का?"

आता फुईने एक शब्द बोलायचा होता, 'नही'. पण समोर म्हसावदच्या साठ-सत्तर बाया उभ्या होत्या, आणि सगळ्या तिच्याकडे डोळे विस्फारून बघत होत्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांत तिच्याकडे असं कोणी पाहिलं नव्हतं. फुईने सावकाश पदर सारखा केला.

"मंग?" फुई म्हणाली. "आपोआप उनी का?"

मी मदतीसाठी निमाच्या सासऱ्यांकडे पाहिलं. नाना पन्नास वर्षं ट्रॅक्टर चालवलेला माणूस. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, डावीकडचं स्टिअरिंग पाहिलं, खालची पेडलं पाहिली, आणि त्यांना सगळं कळलं हे मला त्यांच्या मिशीवरून स्पष्ट दिसलं. पण पन्नास वर्षं ते गोदामावशींबरोबरही काढत आले होते, आणि एवढी करमणूक त्यांच्या वाट्याला सहसा येत नसावी.

"आरे, हाई शिकाऊ गाडी शे," नाना गंभीरपणे म्हणाले. "शहादाले गाडी शिकाडतस ना, तशी. दोन्हीकडथीन चालस. वेणूबाई चालाडस, आन् हाऊ डावीकडे बठीसन शिकी ऱ्हायना."

झालं! सगळ्या गल्लीने माझ्याकडे दयेने पाहिलं. एक म्हातारी म्हणाली, शिकू दे, वय झालं तरी शिकावं माणसाने. निमाने तोंडात पदर कोंबला होता आणि तिचे खांदे हलत होते. निमाचे यजमान अशा प्रसंगी नेहमी शेतात असतात, तसे आजही होते.

"मंग माले दखाडा," गोदामावशींनी निकाल दिला. "मारुतीना मंदिरलगून जा आन् ये. मी मांगे बठीसन देखस. नीट चालाडी, ते सून घी जा." त्या मागचं दार उघडून बसल्यासुद्धा. आणि बसल्यावर माझ्या पाठीत बोट खुपसून म्हणाल्या, "आन् तू रे, शिकाऊ! हात वर कर. हात लावना ते देख."

मी निमाकडे पाहिलं. ती हात जोडून हसत होती आणि हात जोडून विनवतही होती, दोन्ही एकदम. मी हात वर केले.

मी आयुष्यात पुष्कळ प्रकारे गाडी चालवली आहे, पण हात वर करून, नुसत्या गुडघ्यांनी स्टिअरिंग धरून चालवायचा हा पहिलाच प्रसंग. फुईने दोन्ही पंजे समोरच्या डॅशबोर्डवर ठेवले होते आणि मोठ्या तोऱ्याने उजवीकडे-डावीकडे मान डोलावत होती. गल्ली टाळ्या वाजवत होती. दोन्ही बाजूंना खाटा टाकून बायांनी कुरडया वाळत घातल्या होत्या, आणि त्यांच्यामधून आम्ही मिरवणुकीसारखे निघालो.

"हयू, हयू," फुई ओठ न हलवता मला सावकाश घ्यायला सांगत होती.

"फुई, माले दिसस नही, तुन्हा पदर आडा येस," मी ओठ न हलवता म्हणत होतो.

"बोलू नका," मागून गोदामावशी म्हणाल्या. "ड्रायव्हरसंगे बोलानं नही."

मंदिरापाशी उजवीकडे वळायचं होतं. माझं डावं ढोपर वेळेवर गेलं, उजवं अडकलं, आणि वॅगन अगदी अलगद, कोणालाही इजा न करता, एका खाटेला जाऊन टेकली. टेकली आणि थांबली नाही. खाट चार पायांवर सरकायला लागली. कुरडयांची खाट पुढे, वॅगन मागे, अशी आम्ही मारुतीच्या पारापर्यंत गेलो. तिथे खाट पाराला लागली, कुरडया मारुतीसमोर सांडल्या आणि गाडीने शेवटचा उसासा टाकला.

मी एक हात हळूच खाली घेऊन किल्ली फिरवली. स्टार्टर गुरगुरला नाही. त्याने एक बारीकसा धूर सोडला, जो मी दुकानात रोज बघतो आणि गिऱ्हाइकाला सांगतो, 'मोटार गेली, आधीच आणायची होती.'

"काय व्हयनं?" नाना धावत आले. "थांबा, मी ट्रॅक्टर काढस."

"ट्रॅक्टर नको!" मी इतक्या जोरात ओरडलो की पारावरची कबुतरं उडाली. "नाना, तुम्हना पाया पडस. ट्रॅक्टर नको."

निमाला सुलभाची अट मी फोनवर सांगितली होती. तिने एका क्षणात पिशवी खाली ठेवली, पदर खोचला आणि आखाजीसाठी म्हसावदला आलेल्या सगळ्या माहेरवाशिणींना हाक मारली. सुरतेहून आलेली, शिरपूरहून आलेली, धडगावला मास्तरीण असलेली, अशा पंधरा-वीस जणींनी आधी गाडी मागे ओढून तिचं तोंड वळवलं आणि मग त्या मागच्या दाराला लागल्या. मी दोन्ही हात खाली घेतले. (शिकवणी संपली होती.) दुसरा गिअर टाकला. माहेरवाशिणींनी असा रेटा दिला की गाडी पारापासून निघून, गल्ली ओलांडून, थेट शहाद्याच्या रस्त्याला लागली, खोकली आणि सुरू झाली.

"थांबू नको, भाऊ!" निमा मागून पळत ओरडत होती. थांबलो तर पुन्हा बंद पडणार, हे तिलाही कळलं होतं. मी गाडी रांगत ठेवली. नानांनी धावता धावता मागचं मोठं दार वर उचललं. आत आधी पिशवी आली, मग पापडांचा डबा आला, मग निमाची एक चप्पल, आणि शेवटी माझी अठ्ठेचाळीस वर्षांची बहीण पोटावर आडवी अशी आत आली. स्टेशन वॅगनला मागे एवढं मोठं दार कशाला, असं मला लोक नेहमी विचारतात. आता मी त्यांना सांगतो.

म्हसावद मागे पडलं. सगळे हसत होतो. मग मागच्या सीटवरून आवाज आला.

"माले उतरू दे."

गोदामावशी! आम्ही तिघंही त्यांना विसरलो होतो.

"मावशी, थांबनू ते बंद पडी," मी म्हणालो.

"मंग कव्हय थांबशी?"

"नंदुरबारले."

आखाजीला सून माहेरी जाते. सुनेबरोबर सासूही माहेरी गेल्याचं आमच्या पंचक्रोशीत कोणी ऐकलेलं नाही. मावशींच्या पायात एकच चप्पल होती, दुसरी गाडीत चढताना गल्लीत राहिली होती. थोड्या वेळाने त्यांनी पुढे वाकून बराच वेळ माझ्या हातांकडे पाहिलं, मग स्टिअरिंगकडे, मग फुईकडे.

"वेणूबाई, आते हाऊ चालाडी ऱ्हायना."

"आते तो शिकना," फुईने शांतपणे सांगितलं आणि कापसाचा पुडा उघडला.

प्रकाशाच्या चौकात मावशींना उन्हाने गरगरायला लागलं. थांबता येत नव्हतं आणि रसवंती तर समोर दिसत होती. मी चौकाला माणसाच्या चालीने फेरी घातली. निमाने खिडकीतून ओरडून चार ग्लास सांगितले. दुसऱ्या फेरीला रसवाल्याने पळत येऊन ग्लास दिले, चौथ्या फेरीला रिकामे परत घेतले. तो दुपारचा हवालदार आमच्याकडे बघत उभा होता. तिसऱ्या फेरीपर्यंत त्याने शिट्टी तोंडात धरली होती. मग त्याने ती खिशात घातली आणि फुईला सलाम ठोकून आमच्यासाठी दोन ट्रक अडवून धरले.

पुलावर वारा लागला. निमा मागून पुढे सरकली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून बाहेर बघत राहिली.

"भाऊ," ती म्हणाली, "चित्रमा लाकूड जास्त व्हतं."

"निघी गयं," मी म्हणालो. "जुनी शे."

"ऱ्हाऊ दे. चांगली शे." आणि ती रडायला लागली. मग मीही रडलो. मला डोळे पुसता येत नव्हते, कारण दोन्ही हात स्टिअरिंगवर होते, आणि ह्या वेळी ते तिथून काढायची माझी तयारी नव्हती. तेवढ्यात मागे आणखी कोणीतरी नाक ओढलं.

"मन्हा भाऊ गया," गोदामावशी खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "तव्हयपासून माले आखाजीले कोनी लेवाले उनं नही. बावीस वरीस व्हयनात."

फुईने आपला निम्मा कापूस त्यांच्या मांडीवर ठेवला, आणि नंदुरबार येईपर्यंत दोघी वाती वळत राहिल्या.

अंगणात वॅगन स्वतःच्या इंजिनावर शिरली, ओट्याला टेकली आणि जागेवरच विझली. सुलभा दारात उभी होती. तिने गाडीमागे ट्रॅक्टर आहे का पाहिलं. नव्हता. मग दारं उघडायला लागली. फुई उतरली, निमा उतरली, आणि एका चपलेवर गोदामावशी उतरल्या.

"मी आपल्याला एक नणंद आणण्यास सांगितले होते," सुलभा म्हणाली.

मी किल्ली खिशात लपवली. पण तिने मावशींच्या पायाकडे पाहिलं, त्यांच्या मांडीवरून ओघळलेल्या वातींकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा बदलला. "या ना मावशी," ती म्हणाली, "पानी लेवा. बठा." अहिराणी! मी ओट्यावरच बसकण मारली. तीन गाड्या वाचल्या होत्या.

गोदामावशी चार दिवस राहिल्या. नानांचा रोज फोन यायचा आणि त्या रोज सांगायच्या की अजून गाडी दुरुस्त व्हायची आहे. (ती दुसऱ्याच दिवशी झाली होती.) झोक्यावर पहिल्यांदा निमा बसली, मग सुलभा, आणि मग सत्तरीच्या मावशी अशा उंच गेल्या की खालून फुईला डोळे मिटून घ्यावे लागले. गौराईची गाणी दोघी म्हाताऱ्यांनी मिळून म्हटली. बाकीच्यांना आवाज काढायची संधीच मिळाली नाही.

परवा बारडोलीहून फोन आला. त्या तीन भावांना एक बहीणही होती, आणि तिच्याही गोठ्यात एक वॅगन आहे म्हणे. मी सुलभाच्या दिशेने पाठ केली, आवाज खाली आणला आणि म्हणालो, "बोला, मी बोलतोय."

"तमे नहीं," पलीकडच्या बाई म्हणाल्या. त्यांनीही शूटिंग पाहिलं होतं. "गाडी चलावे छे ए बा ने आपो."

मी फुईला फोन दिला. ती बोलली, घासाघीस केली, मध्येच थांबून म्हसावदला गोदामावशींना फोन लावला, पुन्हा बारडोलीला लावला. दहा मिनिटांत चौथी वॅगन ठरली, दोघींच्या भागीदारीत. मी चोरून सुलभाकडे पाहिलं. ती भाजी निवडत होती. "ती थोडीच तुम्हनी शे," ती म्हणाली, "ती फुईनी शे."

येत्या रविवारी दोघी गाडी आणायला निघतायत. मला सोबत नेणार आहेत, डावीकडे. हात वर करायची मी सध्या रोज सकाळी प्रॅक्टिस करतो आहे.